मास्तरांनी पाठ टेकली

पोहण्याच्या तलावावर बेडूकमास्तरांच्या आधी त्यांची शिट्टी यायची. मग पुढे काढलेली छाती यायची आणि सगळ्यात शेवटी मास्तर. पाय आखूड आणि गुडघे बाहेर वळलेले, म्हणून हे नाव पडलेलं. त्यांना ते आवडायचंही. "बेडूक कधी बुडलेला पाहिलाय का?" असं विचारून आधी तेच हसायचे.

बावीस उन्हाळे त्यांनी त्या काठावर काढले होते, आणि बावीस उन्हाळ्यांत त्यांच्या पाण्यात एकही माणूस बुडाला नव्हता. आयुष्यभराची कमाई म्हणावी ती एवढीच, पण ती ते राजमुकुटासारखी मिरवत.

उन्हाळा लागला, की मास्तरांच्या अंगात वारं शिरे. पहाटे साडेपाचला पहिली बॅच, संध्याकाळी सातला शेवटची. पूर्वी दुपारी बारा ते चार तलावाला कुलूप असायचं. यंदा मास्तरांनी हट्टाने तेही काढायला लावलं. "लोक घरात उकडून निघतायत, आणि पाणी इथं एकटं पडलंय! शोभतं का?" जेवणाचा डबा उंच खुर्चीवर बसल्या बसल्या अर्धामुर्धा संपायचा. आणि दिवसभर पाण्याच्या काठी वावरणारा हा माणूस घोटभर पाणी प्यायचं मात्र साफ विसरायचा.

"अहो, दुपारी घरी या. घटकाभर पाठ टेका," बायको म्हणायची.

"पाठ टेकली, की कुस्ती संपली."

"बरं. पण कुस्ती चाललीय कोणाशी, तेवढं तरी सांगा!"

मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून चालू पडायचे.

गंमत अशी, की 'पाठ टेका' हाच मास्तरांच्या शिकवणीतला पहिला धडा होता. नवा माणूस पाण्यात उतरला, की जन्माचं वैर असल्यासारखा हातपाय झाडतो. मास्तर काठावरून गरजायचे, "मारामारी बंद! पाण्यावर पाठ टेका. मान सैल, कान पाण्यात, पोट वर. आभाळ बघा, आभाळ!" तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा आवाज होता तो.

हा धडा सगळ्यांत लवकर उचलला टेलिफोनवाल्या काकूंनी. वय सदुसष्ट. टेलिफोनच्या ऑफिसात तीस वर्षं लोकांच्या तारा जोडून निवृत्त झालेल्या. त्यांना अजून धड पोहता येत नव्हतं, पण तरंगायला लागल्या, की ओंडकाही लाजावा. "मास्तर, तीस वर्षं कानात नुसती खरखर ऐकली हो," त्या म्हणायच्या. "कान पाण्यात गेले, की कशी सगळी लाइन बंद!"

त्या दुपारी ऊन असं काही कोसळलं, की अख्ख्या बॅचमधून एकट्या काकू आल्या. मास्तर उंच खुर्चीवर चढले. पाणी चमचम करत होतं. त्यांनी एकदा डोळे मिटून उघडले. पुन्हा मिटले.

उघडले, तेव्हा त्यांच्या मांडीवरची सावली सरकून गेली होती.

काकू वाहत खोल पाण्यावर पोचल्या होत्या. उताण्या, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, हात दोन्हीकडे पसरलेले. हालचाल नाही.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. काही नाही. पुन्हा फुंकली. "काकू! अहो काकू!" ओरडून घसा फाटला, पण काकूंची पापणी हलेना. बावीस उन्हाळे गेले, एका डुलकीत गेले! त्यांनी खुर्चीवरून सरळ उडी टाकली.

चार हात मारले असतील नसतील, उजव्या पोटरीत असा गोळा आला, की पाय दगड झाला. मास्तरांनी जोर केला, तर दुसराही वळला. नाकातोंडात पाणी गेलं. ज्यांनी हजारो माणसं तारली, ते बेडूकमास्तर हातपाय झाडू लागले, अगदी पहिल्या दिवशीच्या पोरासारखे. पाणी डोक्यावरून गेलं. वर आले. पुन्हा गेलं.

त्या खळबळाटाने काकूंनी डोळे उघडले. कान पाण्यात, म्हणून शिट्टी ऐकूच गेली नव्हती बाईंना! समोर मास्तर बुडताना दिसले आणि त्या क्षणभर गारच पडल्या. जवळ जाणं शक्य नव्हतं. पण आवाज? आवाज तीस वर्षं कमावलेला होता.

"मास्तर! मारामारी बंद! पाठ टेका! मान सैल! पोट वर! आभाळ बघा, आभाळ! लाइन सोडू नका!"

मास्तरांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं. पण हे शब्द त्यांचेच होते. त्यांनी झाडणं सोडलं. मान मागे टाकली.

आणि पाण्याने त्यांना उचललं.

कानांत शांतता शिरली. वर आभाळ होतं, पांढरंफटक, केवढं तरी मोठं. मास्तर डोळे विस्फारून बघत राहिले. बावीस वर्षं 'आभाळ बघा' म्हणून ओरडत आलो आणि इथून ते आपण एकदाही पाहिलेलं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. बुडण्यापेक्षा मोठा धक्का बसला तो त्याचा.

हाताने हळूहळू पाणी मागे सारत दोघं काठाला लागली. काकू धापा टाकत म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही गेलात!"

"मला वाटलं, तुम्ही!"

दोघांनाही हसू येईना, रडूही येईना. मास्तर आधी तांब्याभर पाणी प्यायले. मग त्यांनी फळ्यावरची दुपारची बॅच ओल्या तळव्याने पुसली आणि फाटकाला कुलूप घातलं.

घरी कोणी नव्हतं. बायको बाजारातून आली, तर भर दुपारी नवरा जमिनीवर उताणा, डोळे मिटलेले, हात पसरलेले! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे दृश्य तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातातली पिशवी सुटली, कांदे खोलीभर पळाले. गुडघ्यांवर कोसळत तिने मास्तरांच्या नाकाशी बोट धरलं.

"अहो! अहो, काय झालं?"

मास्तरांनी एक डोळा उघडला.

"ओरडू नकोस. पहिला धडा गिरवतोय."