कारखान्याची हवा ऐकणारी

सुप्याच्या आमच्या कारखान्यात ती दर महिन्याला येते. हातात छोटा अँटेना, कानांवर हेडफोन. यंत्रांच्या वायरलेस संदेशांत बाहेरचं कुणी घुसलंय का, हे ती शोधते. चालता चालता मध्येच बोट वर करते आणि आम्ही उगाच श्वास रोखतो.

एकदा तिला क्रेनपाशी अनोळखी सिग्नल सापडला. क्रेनवाल्याच्या खिशात खेळण्यातला वॉकीटॉकी होता. जोडीचा दुसरा पॅकिंगमधल्या त्याच्या बायकोकडे. आत मोबाईलला बंदी आहे.

"काय बोलता यावर?" तिने विचारलं.

"काय न्हाई मॅडम. दमलीस का, एवढंच इचारतो."

"दादा, तुमच्या क्रेनचा रिमोटही असाच हवेतून चालतो. भलताच सिग्नल मिळाला तर खाली माणसं आहेत."

त्याचा चेहरा पडला. नोकरी गेली, असंच आम्ही धरून चाललो. ती मॅनेजरकडे गेली, सगळं खरं सांगितलं आणि दोन्ही विभागांत तारेचा इंटरकॉम बसवायला लावला. दोघांची नोकरी राहिली.

पुढच्या खेपेला ती पॅकिंगमध्ये तपासत असताना इंटरकॉम वाजला. क्रेनवाल्याच्या बायकोने तो उचलला आणि लाजून भिंतीकडे तोंड केलं. हिने हेडफोन गळ्यात उतरवले.

"झालं का काम?" मी विचारलं.

"थांबा हो जरा. बोलू द्या त्यांना."

बोलणं संपलं, बायको पुन्हा खोक्यांकडे वळली. ही मात्र अजून त्या भिंतीकडेच बघत होती.