सकाळी रुसणारी लंबी

हिरडटोल्यात बातमी पसरायला वारा लागत नाही, एकटी अन्नपूर्णाबाई पुरते. पौषातल्या एका सकाळी तिनं बोअरिंगपाशी पाण्याचा पितळी गुंड टेकवला आणि सांगून टाकलं, की सुगंधाबाईनं बचतगटाच्या मशीनपुढं कोंबडी कापली.

"माह्या डोळ्यानं पिसं पाह्यले, बाप्पा! मशीनीच्या बुडाशीच पडले होते. पांढरे फटक!"

पुढचा गुंड भरेस्तोवर कोंबडीचा कोंबडा झाला, आणि शेवटची बाई घरी पोचली तेव्हा तो काळा बोकड होता.

खरं सांगायचं तर कोंबडी जिवंत होती. सुगंधाबाईच्याच अंगणात, शेपटीतली दोन-चार पिसं गमावून, सगळ्या गावावर रुसल्यासारखी फिरत होती. त्या पिसांनी सुगंधाबाई मशीनच्या सांदीकोपऱ्यातला कापसाचा लोंभा काढायची आणि तेलही द्यायची. तिच्या आईनं हेच केलं, तिनंही पायानं चालवायच्या जुन्या मशीनवर उभा जन्म हेच केलं. ब्रश विकत मिळतो हे तिला ठाऊक होतं. पण कोंबडी घरची असताना ब्रश विकत घेणं म्हणजे नाल्याकाठी राहून पाण्याची बाटली घेणं, असं तिचं मत.

आता ही मशीन साधीसुधी नव्हती. धानाच्या रिकाम्या गोदामात ठेवलेली, खाटेपेक्षाही लांब चौकट. तिच्यावर वरचं कापड, मधे कोरपन्याकडचा कापूस, खाली अस्तर असे तीन थर रुळांवर ताणून बसवायचे, आणि मशीनचं डोकं दोन्ही मुठी धरून त्याच्यावरून फिरवायचं. शेतात वखर फिरवावा तसं. कापड जागचं हलत नाही, बाई हलते. एवढ्या लांब हाताची मशीन कोणी पाहिली नव्हती, म्हणून तिचं नाव पडलं लंबी. दिवाळीपासून तिच्यावर वाकळी शिवल्या जात होत्या, आणि त्या वाकळी मूल गावच्या बाजारात मिरवत होत्या.

लंबीवर पाळ्या दोन. सकाळची मोनालीची. मोनाली म्हणजे अन्नपूर्णाबाईचीच सून. दुपारची सुगंधाबाईची, कारण सकाळी तिला लाखोरी डाळीच्या वावरात जावं लागे. मोनालीला ही पाळी सहज मिळाली नव्हती. सासूचं म्हणणं, "शेण कोण काढन? मशीन?" शेवटी गटाच्या सगळ्या बायांनी अन्नपूर्णाबाईला घेरलं, तेव्हा तिनं सुनेला सोडलं, तेही अशी अट घालून, की काम चांगलं झालं तर ठीक, नाहीतर पोट्टी घरी. मोनाली गोदामात यायची ती अंधुक उजेडात, स्वेटरवर सासऱ्याचा मफलर गुंडाळून. मुठी धरल्या की तिचा चेहरा असा खुलायचा, की पाहणाऱ्याला वाटावं पोरगी जत्रेत पाळण्यात बसली आहे.

थंडी वाढली आणि घोटाळा सुरू झाला. मोनाली सकाळी शिवायला लागली, की वरून टाके छान दिसत, पण वाकळ उलटवली की खाली दोऱ्याची वेटोळी. पावसाळ्यात बांधावर गांडुळं निघतात तशी. ह्याचा अर्थ वरचा दोरा सैल. वरचा दोरा रिळावरून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघांनी कापसाच्या मधोमध एकमेकांना धरायचं असतं. एकानं ढिलाई केली, की दुसरा त्याला आपल्याकडे ओढून घेतो. नवरा-बायकोसारखंच, फक्त इथे गुंता लगेच दिसतो.

मोनालीनं वरचा दोरा दाबून धरणारी चकत्यांची जोडी स्क्रूनं आवळली. वेटोळी गेली नाहीत. अजून आवळली. मग कुठे दहाच्या सुमाराला टाका जरा सुधारला. दुपारी सुगंधाबाई आली, मुठी धरल्या, आणि दोरा तटकन तुटला.

"एवढं कसून ठेवते कोणी? बैलाची येसन हाये का हे?"

"बाई, सकारी खालून सैल येऊन राह्यलं होतं ना..."

"सैल मशीन नाई, तुहा हात सैल हाये."

सुगंधाबाईनं चकती ढिली केली आणि दुपारभर असं सुरेख शिवलं, की बाया वाकळीवरून तळवा फिरवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गांडुळं. मोनालीनं आवळावं, सुगंधाबाईनं सोडावं, असा झिम्मा चालू झाला. सुगंधाबाईनं बॉबिनची डबी काढून दोऱ्याला टांगून पाहिली. हलका झटका दिला, की कोळी उतरतो तशी ती जराशी खाली येते आणि थांबते. म्हणजे खालचा ताण बरोबर. सुई बदलली. रीळ बदललं. नागपूरच्या मेकॅनिकला फोन लावला. तो भला माणूस, त्यानं सगळं नीट विचारलं.

"तेल देता ना बाई वेळेवर?"

"रोज देतो भाऊ! माणसाले नाई मिळत, तिले मिळते."

तो म्हणाला, तेल असेल तर बरं, चकत्यांत लोंभा अडकला का बघा. सुगंधाबाईनं पीस फिरवलं. लोंभा नव्हता.

मग एकच कारण उरलं. तीच मशीन, तोच दोरा, दुपारी चांगलं आणि सकाळी वाईट. म्हणजे दोष सकाळच्या बाईचा. हे सुगंधाबाईनं एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि मग तिला म्हणायचीही गरज राहिली नाही. गावच म्हणायला लागलं. त्यात सुगंधाबाईला थोड्या गुदगुल्या झाल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. "बाईचा हातच वेगळा" असं कोणी म्हटलं, की ती पदर सावरत "हाताले काय धरून बसले" असं म्हणायची, आणि हात सगळ्यांना दिसेल असा धरायची.

मोनाली बोलेनाशी झाली. मफलर तोंडावर घेऊन यायची, बिघडलेली वाकळ घडी करून कोपऱ्यात ठेवायची आणि मान खाली घालून जायची. एका दुपारी ती वेटोळी नखानं एकेक करून उसवत बसलेली सुगंधाबाईला दिसली. बोटाची कड लाल झाली होती.

"राहू दे वो, सांजवेळ होईन," सुगंधाबाई म्हणाली.

"राहू कसं देऊ बाई? सोमवारी माधवीताई येऊन राह्यली. माही सासू म्हनते, ताईनं वाकळ फेकली का तू घरी. म्याच ढोरं पाह्यचे मग."

माधवीताई म्हणजे सगळ्या गटांचं काम पाहणारी, सिंदेवाहीहून स्कूटीवर येणारी. ती माणसांशी गोड आणि टाक्यांशी कडक. तिनं बिघडलेलं काम पाहिलं, की पाळी बदलणार, हे ठरलेलं. सुगंधाबाई त्या लाल बोटाकडे पाहत राहिली. त्या दिवशी "तुहा हात सैल" हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही, एवढं खरं.

रविवारी सकाळी थंडी अशी, की कोंबडीसुद्धा चुलीपाशी येऊन बसली. सोमाजी, सुगंधाबाईचा नवरा, टाचांच्या भेगा घेऊन कण्हत होता.

"तेल गरम करून दे वो, जरासं."

तेल म्हणजे टोरीचं, मोहाच्या बियांचं. दिवा, केस, टाचा, बंडीचा आस, जे काही करकरतं किंवा उलतं त्याला ह्या गावात टोरीचं तेल. सुगंधाबाईनं डबा उपडा केला. काही पडलं नाही. आत बोट घातलं. पिवळं, घट्ट, तुपासारखं. दरवर्षीच थंडीत असं थिजतं, त्यात नवल ते काय? चुलीपाशी डबा धरला की पुन्हा पाणी.

डबा चुलीपाशी धरला, आणि सुगंधाबाई तशीच उभी राहिली.

"काय झालं? डब्यात साप निंगला का?" सोमाजी म्हणाला.

"मशीनीचं तेल दिवाळीनंतर सरलं होतं," ती हळूच म्हणाली. "मंग म्या हेच देऊन राह्यली होती."

"मंग? आपल्या जुन्या मशीनीले तं हेच देते तू."

"ते म्या दुपारीच चालोली हो आयुष्यभर. वावरातून आल्यावर."

सोमाजीला अर्धं कळलं, पण टाचेला तेल लागलं तेवढ्यानं तो सुखी झाला. सुगंधाबाई मात्र डोक्यावर ऊन येण्याची वाट न पाहता, रविवारच्या सुट्टीनं रिकाम्या असलेल्या गोदामात गेली. वरच्या दोऱ्याच्या दोन चकत्या स्क्रू काढून तळहातावर घेतल्या. चकत्यांना खरं तर कोणतंच तेल द्यायचं नसतं, तिथे दोरा घट्ट धरला जायला हवा. पण तिचं पीस फिरलं की कुठेही फिरायचं, देवाच्या मूर्तीला कुंकू लावावं तसं, कोणाला मागे ठेवायचं नाही. चकत्यांच्या मधे मेणासारखा पिवळा थर बसला होता. सकाळी तो थिजायचा, चकत्या एकमेकींना टेकायच्याच नाहीत आणि दोरा मोकळा सुटायचा. उन्हानं गोदाम तापलं, की तो विरघळायचा, चकत्या मिटायच्या, आणि मोनालीनं आवळलेला स्क्रू अचानक खराच आवळलेला व्हायचा.

तिनं चिंधी रॉकेलात भिजवून सगळं पुसलं. चकत्यांमधून कापडाची पट्टी ओढली, पुन्हा ओढली, स्वच्छ निघेपर्यंत. सायकलवाल्याकडून मशीनचं तेल आणून फक्त फिरत्या भागांना दिलं. आधी खालचा ताण पाहिला, मग वरचा लावला, आणि चिंध्यांच्या तुकड्यावर शिवून उलटवलं. एकही गांडूळ नाही.

घरी आली तर जेवण गोड लागेना.

"झाली ना सुधी मशीन?" सोमाजीनं विचारलं. "मंग कायले तोंड पाडून बसली? उद्या सकारी पोट्टी चांगलं शिवन. लोकं म्हनतीन, शिकली. तुहं नाव राह्यलं, तिचंही झालं."

"कोपऱ्यातल्या वाकळी तं तशाच हायेत ना. ताई ते पाह्यन."

"मंग त्या आपून लपोवू."

सुगंधाबाईनं खरंच विचार केला. लपवायला धानाचा कोनगा होता. पण मग तिला ते नखानं उसवणं आठवलं, आणि तिनं ताट सरकवलं.

सोमवारी माधवीताई उन्हं वर यायच्या आत आली. गोदाम भरलेलं. अन्नपूर्णाबाई सगळ्यांत पुढे, निकाल ऐकायला. मोनाली मागे, मफलरात. ताईनं कोपऱ्यातली वाकळ उचलली, उलटवली आणि वेटोळ्यांवरून बोट फिरवलं.

"हे सकाळचं काम ना? मोनाली, किती वेळ झाला शिकून? असं कसं चालेल गं? सकाळची पाळी आपल्याला दुसऱ्या कोणाला..."

"ताई, थांबा." सुगंधाबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिला पदर कुठे ठेवावा ते सुचेना. "हे पोट्टीचं काम नाई. हे माहं काम हाये."

आणि तिनं सगळं सांगितलं. टोरीचं तेल, पीस, थिजलेला थर, दुपारचं ऊन. आधी ती मोनालीला "सैल हाताची" म्हणाली होती, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. ते गावाला पाठच होतं.

ताईनं मुठी मोनालीच्या हाती दिल्या, "शिव बरं." मोनालीनं लंबीचं डोकं हातभर फिरवून आणलं. ताई चौकटीखाली वाकली, खालून पाहिलं, आणि उठताना हसत होती.

पण अन्नपूर्णाबाई गप्प बसली असती, तर ती अन्नपूर्णाबाई कसली? तिनं कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे सुगंधा, सारा गुन्हा तुहा, अन् येवढे दिवस गावभर बदनाम माही सून?"

सुगंधाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"हो, तेल म्याच लावलं. नावंही म्याच ठेवले. पण तू तं सासू होती ना वो तिची? माह्याशी एक डाव तरी भांडाले याचं होतं. आता बाजूले हो, पोट्टीचं शिवून व्हाचं हाये."