मिस्त्रीचं चौथं गाणं

टपरीवर मीच सांगितलं होतं की आपला स्कूटी दुरुस्त करणारा मिस्त्री गोंदियाला मनाच्या डॉक्टरकडे जातो. झोप येत नाही म्हणून मीही तिथे त्याच्याच बाकावर, त्याच्या शेजारी बसलो होतो, हे मात्र गाळलं. त्यानंतर महिनाभर बायका त्याच्याकडे गाड्या देईनात.

तो सतत गातो. नट सैल करताना खालच्या पट्टीत, आवळताना वरच्या. लग्न मोडल्यापासून गाणीही स्वतःच रचतो. परवा त्याने त्या गाण्यांचा अल्बम काढला आणि दुकानासमोर माईक लावून सगळी गायली. पहिली तीन रडकी. चौथ्यात डॉक्टरीणबाई विचारतात, "पुढं?" आणि हा ठेक्यात उत्तर देतो, "पुढं बी रडलो!" बघता बघता सगळा चौक ओरडू लागला, "पुढं बी रडलो!" टपरीवाला किटली बडवत नाचला.

"अरे, त्या बाईचा पत्ता मले बी दे ना," एक काकू म्हणाल्या.

"हौ काकू, पण रुमाल दोन नेजा!"

मीही बेभान नाचत होतो. तेवढ्यात पुढची ओळ आली, "बाकावर मी एकटाच." माझे पाय थांबले. त्याने मला गाण्यातून वगळलं होतं. माझं गुपित त्यानं सांभाळलं होतं.

मी माईक मागितला.

"एकटा नोयता हा. बाजूले मी बसलो होतो, अन् याची बदनामी बी मीच केली. माफ कर मले, भाऊ."