नानांच्या शिंका

आमचं जळगावचं कापसातली सरकी काढायचं जीन पावसाळाभर बंद असायचं. कारकुनांना काम नाही, मग रिकाम्या ऑफिसात किस्से साचणार नाहीत तर काय! त्यातले निम्मे आमच्या हेडक्लार्क नानांच्या नाकाचे. तेव्हा पोटभर हसलो. आता आठवलं की जीव तुटतो.

पोळा झाला की नानांना शिंका सुरू, मागोमाग दमा, आणि दिवाळीनंतर सगळं आपोआप गायब! शेठ म्हणायचे, "कापसाची धूळ बाधते."

नाना म्हणायचे, "शेठ, कापूस यायचाय अजून. जीन बंद, नाक चालू!"

दसऱ्याला यंत्राची पूजा. शेठनी नारळ उचलला आणि नाना शिंकले. अपशकुन! जरा थांबून पुन्हा उचलला, पुन्हा शिंक!

"लोकांकडे माशी शिंकते, आमच्याकडे हेडक्लार्क!" शेठ वैतागले. पुढच्या वर्षापासून पूजेला नानांना सक्तीची रजा. ती ते घरी खोकत काढायचे.

धुळ्याला मुंबईत शिकून आलेले एक डॉक्टर होते. ते म्हणाले, "तणांच्या फुलोऱ्याची धूळ हवेतून नाकात जाते. आघाडा, माठ, गोखरू. यांच्यापासून लांब राहा."

नानांनी हात जोडले आणि वैतागून अहिराणीवर आले. "डॉक्टरसाहेब, लांब म्हंजे कोठे? जळगावपासून धुळ्यापर्यंत बठ्ठीकडे आघाडाच शे!"

निदान जीनचं आवार तरी साफ करू म्हणून आम्ही विळे घेतले. कमरेएवढा आघाडा, ऐन फुलोऱ्यात. कापला, झटकला, नानांच्या खिडकीखालीच ढीग रचला! संध्याकाळपर्यंत नानांना धड बोलता येईना. "बाबांनो, तुमचं प्रेम पुरे," एवढंच कसंबसं म्हणाले.

मग कुणीतरी हवापालट सुचवला. नाना यावलला मेहुण्याकडे गेले. तिथे बांधावरचं तण माणसाच्या उंचीचं! बैलगाडीत उशांना टेकून, धापा टाकत परत आले. त्या माणसाला श्वास घ्यायला या मुलखात जागाच नव्हती.

नानांची थोरली इंदू लग्नाची झाली होती. पण दम्याच्या घरातली मुलगी कोण करणार? आलेली स्थळं त्यावरूनच मोडत होती. म्हणून नवरात्रात धुळ्याचे पाहुणे आले तेव्हा इंदूच्या मामांनी ठोकून दिलं, "नाना कामासाठी परगावी गेलेत."

नाना होते शेजारी, माझ्या घरात! मधल्या कुडाच्या भिंतीशी बसलेले, तोंडात उपरणं कोंबून. शिंका दाबून दाबून डोळे लालभडक झाले होते.

पलीकडे मुलगी पाहून झाली. इंदू आत गेली. मुलाचे वडील म्हणाले, "पसंत आहे. आणा सुपारी, आत्ताच फोडून टाकू."

आणि शिंक आली. नानांची नव्हे, आतल्या खोलीतून, इंदूची! मागोमाग आणखी एक, मग आणखी.

नानांनी उपरणं ओढून काढलं आणि भिंतीला तोंड लावून जिवाच्या आकांताने ओरडले, "पाव्हणा, मी शिंकनू हो! शेजारना शे मी! तिना मी कोनीच नही!"