रास अल खैमाचा केल्टिक गड आणि माझी शपथ

शुभामावशी त्या रात्री आठच्या विमानाने कायमची पुण्याला जाणार होती. बॅगा भरून, वजन करून दारात उभ्या होत्या, आणि सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "रात्रीपर्यंत काय करायचं? गड बघून येऊ."

गड म्हणजे रास अल खैमाच्या डोंगरात नव्याने उभारलेला केल्टिक गड. केल्ट म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे युरोपातले लोक. त्यांची टेकडीवरची वस्ती इथे वाळवंटात का बांधली, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. मावशीला तो प्रश्न पडलाच नाही. चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे मावशी. शारजातल्या बाल्कनीत दर दिवाळीला नर्सरीतली माती आणून आम्ही किल्ला करायचो. त्यावरच ती मला इतिहास शिकवायची, आणि दिलेला शब्द पाळायलाही. खरा गड मात्र दोघींनी मिळून कधी पाहिला नव्हता.

"केल्टिक तर केल्टिक," ती म्हणाली. "तट आहे ना?"

शारजाहून एमिरेट्स रोडने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. पेट्रोल आधीच भरून घ्या, शेवटच्या टप्प्यात उंटांशिवाय कुणी भेटत नाही. तिकीट साठ दिरहॅम. ("म्हणजे चौदाशे रुपये! आत हत्ती आहेत का?" इति मावशी.) लाकडी तट, गवताने शाकारलेली गोल घरं, तोंडाला निळे पट्टे ओढलेले पहारेकरी. खांबांवर फवारे बसवलेत, त्यातून मधूनमधून युरोपातला पाऊस पडतो. बदलायला कपडे न्या.

मावशी स्वच्छतागृहात गेली होती, तेवढ्यात दरवाजात लाल मिशी चिकटवलेल्या सरदाराने सगळ्यांना हात वर करायला लावला. "सूर्य मावळेपर्यंत मी हा गड राखीन. प्राण गेला तरी सोडणार नाही." लोकांनी म्हटलं आणि ते शावर्माच्या रांगेत गेले. मीही म्हटलं. म्हणून झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

चारच्या सुमाराला मावशी म्हणाली, "चल केतके, निघू या. बॅगा घेऊन विमानतळ गाठायचाय."

"मावशी, मला निघता येणार नाही."

सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, खेळातली शपथ ती!"

"शब्दाला खेळ असं काही नसतं, हे तूच शिकवलंस."

गाडी फक्त मला चालवता येते. टॅक्सी इथवर यायला तयार नव्हती, आणि सूर्य मावळेपर्यंत थांबलो तर विमान गेलंच. आम्ही सरदाराकडे गेलो. तो देवरुखचा दिनेश निघाला.

"ताई, मी खलास म्हणतो, जावा तुम्ही."

"शपथ सोडवायचा अधिकार तुम्हाला आहे का?"

तो मिशी दाबत विचारात पडला. "तसा नाय. सुपरवायझरला असेल. तो दुबईला गेलाय."

मावशी तटाकडे बघत होती. "आणि गड पडला तर?"

"पडला तर कसली शपथ, मावशी?" दिनेश म्हणाला. "पण अजून कोणी पाडला नाय."

"ठीक आहे," म्हणत मावशीने छत्री उचलली आणि ती दरवाजाबाहेर गेली.

माझा नाइलाज होता. मी दरवाजा लावून घेतला आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. पहारेकरी करक चहाला गेले होते. दिनेशने माझ्या हातात एक ढाल दिली.

"केतकी, दार उघड!"

"नाही मावशी!"

"माझं विमान आहे!"

"माहितीये गं!" मला रडू येत होतं, तरी मी दार सोडलं नाही. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. बाहेरचा आवाज थांबला. दमली असेल, बसली असेल, तिचे गुडघे... दार उघडावं का, असं मनात आलं. आणि पाठीत छत्रीचं टोक लागलं.

"पकडली," मावशी म्हणाली. धापा टाकत होती. "दिवाळीच्या किल्ल्यात दर वर्षी सांगायचे. आधी मागची बाजू बघ."

मागच्या बाजूला गिफ्ट शॉप आहे, त्याचं एक दार बाहेर उघडतं. तटाला दुसरीकडे कुठेही फट नाही.

दिनेशने प्लॅस्टिकची तलवार दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. शावर्मावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एका छोट्या मुलीने मला विचारलं, "इज शी द एनिमी?"

"शी इज माय मावशी," मी म्हटलं.

"गड घेतला," मावशीने जाहीर केलं. "शिबंदीला अभय आहे. केतके, गाडी काढ. यल्ला!"

विमान मिळालं. काउंटरवर तिचे केस अजून ओले होते. आत जाताना तिने वळून पाहिलं नाही.

जावं का, असं विचाराल तर जरूर जा, हिवाळ्यात जा, आणि दरवाजात काय बोलताय ते आधी ऐका. घरी आल्यावर मला वेगळीच काळजी लागली. तो गड रीतसर मावशीचा आहे, आणि मावशी पुण्यात. गडावर तिचं माणूस कुणीच नाही. पुढच्याच शुक्रवारी मी वार्षिक पास काढला. आता जमेल तेव्हा जाते, गिफ्ट शॉपचं दार नीट लागलंय ना बघते, आणि गाडीत बसून मावशीला फोन लावते. ती आधी तेच विचारते: "गड शाबूत?"