एकवीस वान, लाल रंगाचे

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, ते मला माहीत आहे. माझी बायको तर इतकी वर्षं झाली तरी हसतेच आहे. पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, एवढंच.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी मूळचा सांगलीचा. नागपूरला एका सरकारी कचेरीत स्टोअरचा कारकून होतो. सहा वर्षं झाली होती. बायकोही रामटेकचीच केली होती. त्यामुळे नागपुरी बोली आपण कोळून प्यायलोय, असा माझा समज! सगळा घोळ केला तो या समजाने.

त्या हिवाळ्यात मुंबईहून नवे साहेब आले आणि आल्या आल्या बदल्यांची यादी काढायला बसले. माझं नाव सिरोंच्याला लागलंय, अशी कुजबूज सुरू झाली. सिरोंचा! नागपूरहून निघालेला माणूस तिथे पोचेपर्यंत त्याच्या पेन्शनचे कागद तयार होतात, असं आम्ही म्हणायचो. माझी झोप उडाली.

अशात एका सकाळी साहेबांचा चपराशी गोविंदा माझ्या टेबलाशी आला. हा भिवापूरचा. मिरचीच्या गावचा, पण स्वभावाने गूळ.

"बाबूजी, बाईसाहेबानं सांगतलं हाय. येत्या इतवारी बंगल्यावर एकवीस वान पाह्यजे. तुमीच आनून द्या म्हने."

"एकवीस काय?"

"वान, वान."

मी मनात हसलो. ही मंडळी शब्द आखडून बोलतात, 'वाईन'चं 'वान' केलंन गड्याने! पण एकवीस?

"एवढ्या कशाला रे?"

"कशाले म्हंजे? लुटाले!"

वा! लुटायला! मुंबईची माणसं, शौकीन असणारच. "साहेबांचे दोस्त येणार वाटतं?"

"नाही जी. साऱ्या अफसराच्या बायका येऊन राहिल्या. साहेबाले तं त्या टायमाले घरात थांबूच नाही देत."

माझ्या हातातला टाक गळाला. नवऱ्यांना बाहेर काढून बायका वाईन लुटणार! तरी मी चेहरा सरळ ठेवला. आपण मागासलेले दिसता कामा नये.

"लाल की पांढरी?"

गोविंदा विचारात पडला. "बायामानसाले द्याचं हाय. लालच बरं दिसन."

"काचेच्या बाटल्यांतली?"

"काचेचं असन तं लयच बेस! मागल्या साली पलास्टिकचं होतं म्हने, बाया नाराज झाल्या."

आता सांगा, यात माझी काय चूक? संक्रांत चारच दिवसांपूर्वी झालेली, बायको माहेरी गेलेली, डब्यात तिने ठेवलेले तिळाचे लाडू मी रोज खात होतो. तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला नाही कळलं!

मी थेट सदर बाजारातलं वाईनचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "इक्कीस? बाबूजी, शादी है क्या घर में?" मी म्हटलं, "सरकारी काम है." गोव्याकडची लाल, गोड पोर्ट वाईन घेतली. दोन बाटल्या जास्तीच्या, असू द्या म्हणून.

मग माझी अक्कल चालू लागली. एवढ्या प्रतिष्ठित बायका, त्यांची अब्रू जपायला नको? घरी बादलीत बाटल्या भिजवून सगळी लेबलं खरवडून काढली. लाल चकचकीत कागदात एकेक गुंडाळली, वर सोनेरी दोरा. शिवाय हिवाळ्याचे दिवस, बरोबर तोंडात टाकायला काही हवं. म्हणून टोपलीभर तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या, गरम हुरडा आणला, संत्री घेतली. रविवारी दुपारी सायकलरिक्षात हा सगळा संसार मांडीवर घेऊन सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यावर हजर!

बाईसाहेबांनी एक बाटली उलगडून उजेडात धरली. "अय्या, रंग किती सुंदर! काय आहे हो हे?"

मी आवाज खाली आणला. "द्राक्षांची आहे. गोड. अगदी सौम्य. दोन जास्तीच्याच आणल्यात."

"म्हणजे द्राक्षांचं सरबत! घरगुती दिसतंय, लेबल नाही."

मी क्षणात ओळखलं. नोकरमाणसांसमोर 'सरबत' म्हणायचं! केवढी हुशार बाई! मीही गंभीरपणे म्हणालो, "हो हो. सरबतच."

"बरं झालं. मसाला दूध करायला घेतलं होतं, ते करपलं. जास्तीच्या दोन उघडा. पेले भरून आत पाठवा."

चार वाजता बायका जमल्या. माझी बायको सुमन, तिलाही बोलावणं होतं, रामटेकच्या बसमधून उतरून परस्पर तिथेच आली. मी आणि गोविंदा व्हरांड्यात, दाराला पडदा. मी ओततोय, तो नेतोय. मला वाटलं होतं, चवीपुरतं घेतील. कसलं काय! बाहेर बोचरी थंडी, आत गरम शेंगा. पेले रिकामे होऊन परत येऊ लागले आणि आतून बायकांचं बोलणं कानावर पडू लागलं.

"अवं बाई, घशाले जरासं लागते नाही?"

"आलं टाकलं असन. थंडीत बरंच हाय. घे वं अजून!"

दोनाच्या चार बाटल्या झाल्या, चाराच्या सात. मग आतून धप धप आवाज आला. पडद्याच्या फटीतून पाहतो तर इंजिनियरबाई, ज्यांना हसताना नागपुरात कोणी पाहिलं नव्हतं, त्या बाईसाहेबांबरोबर फुगडी घालताहेत! हुरड्याची परात मधे पालथी! आणि फुगडी संपल्यावर सुरू झाले उखाणे. खुद्द बाईसाहेबांचा पहिला:

"बंगल्याच्या दारी पट्टेवाला हजर,
पाल दिसली की अरविंदराव टेबलावर!"

आत हशाचा स्फोट झाला. आणि माझ्या मागे कोणीतरी खाकरलं.

अरविंदराव. म्हणजे साहेब! मफलर गुंडाळून, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधी परतलेले.

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, नाकाशी नेला. "ही वाईन आहे."

"होय साहेब. एकवीस. आपल्या हुकमाप्रमाणे. आणि दोन जास्तीच्या."

"कोणी सांगितलं वाईन आणायला?"

मी गोविंदाकडे बोट केलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मी तं वानच सांगतलं होतं जी! हळदीकुंकवाचं वान! वाट्या, फन्या, काहीबी चाललं असतं!"

वाण! अरे देवा, वाण! सहा वर्षं मी याच्या हातचं 'पानी' पाणी समजून पीत होतो. एका 'वान'पाशी येऊन माझी मती का फिरावी? डोळ्यांसमोर सिरोंचा उभं राहिलं. नदी, जंगल आणि मी एकटा, वळकटीवर बसलेला.

साहेब लाल झाले होते. तोंड उघडणार, एवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला. माझ्या सुमनचा, पण नेहमीपेक्षा दुप्पट मोठा:

"हिवाळ्याच्या शेंगा, नवी नवी तूर,
मुकुंदरावांले ऐकू येते कमी, बोलतात मात्र भरपूर!"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पेला खाली ठेवून ते व्हरांड्याच्या खांबाला धरून इतके हसले, की गोविंदा पाणी आणायला धावला. मी आपला उभा. हसावं की रडावं?

सिरोंच्याच्या यादीतून माझं नाव उडालं, हे खरं. बाईसाहेबांनीच म्हणे सांगितलं की असं वाण आजवर कोणी दिलं नाही, या माणसाला हलवू नका. पण सोमवारी माझ्या टेबलावर लेखी हुकूम येऊन पडला: सदर कर्मचाऱ्याने सरकारी दवाखान्यात जाऊन कान तपासून घ्यावेत.

गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास घड्याळ, घंटी, कुजबूज, सगळं करून पाहिलं आणि दाखला दिला: दोन्ही कान उत्तम, कोणताही दोष नाही. मी तो कागद मोठ्या ऐटीत साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वाचला. लाल पेन काढलं. आणि खाली शेरा मारला: "दोष कानांत नाही. दोन्ही कानांच्या मधे पाहावे."