मामाचा गोल बुडाचा डोंगा

आमचा मामा माझ्या सासरी यायचा, पण उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. ओसरीच्या कडेला अंग चोरून बसायचा आणि माझ्याकडे न बघताच विचारायचा, "बरी हायेस ना, माय?" एरवी हाच मामा अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा बोलायचा.

पैनगंगेवर त्याचा डोंगा चाले. सपाट बुडाचा, परातीसारखा पसरट. धारेला लागला की तिरपा जायचा, वल्हवून मामाचे खांदे भरून येत. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यानं नवा करवून घेतला, अरुंद आणि गोल बुडाचा. सुतार म्हणाला, "बूड रुंद असू द्या, नाईतं कलंडते." मामा म्हणाला, "रुंद बूड म्हशीले शोभते. माह्या भाचीचं वऱ्हाड येऊन राह्यलं!" ज्वारीची पोती भरून त्यानं नदी ओलांडून दाखवली. डोंगा सरळ, सुसाट आला. पण पोती काही उभी राहत नाहीत.

निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, तरी पलीकडच्या मुलखाला आम्ही मोगलाईच म्हणायचो. मार्गशीर्षात नवरदेव तिकडून आला. गावाची शीव म्हणजे नदीच, त्यामुळे सीमांतपूजन काठावर. वाजंत्री सुरू झाली, बायका ओवाळायला पुढे झाल्या आणि नवरदेवासकट डोंग्यातले सगळे एकाच अंगाला उभे राहिले. डोंगा कुशीवर वळला. पाणी कमरेइतकंच, म्हणून जीव वाचले. सासरे चिखलात, नवरदेवाचा फेटा धारेला लागलेला. मी लाजेनं मेले.

सासूबाई पुढे कितीतरी वर्षं म्हणायच्या, "सोयऱ्यायनं आमाले गंगास्नान घातलं!" सगळं घर हसायचं, मीही हसायचे. उंबऱ्याबाहेर मामाही मान खाली घालून हसायचा.

तो डोंगा त्यानं स्वतःच फोडला आणि पुन्हा रुंद बुडाचा केला. म्हणायचा, "लाकडाची चूक नाई, माह्या मिजाशीची हाये."

मामा गेला तेव्हा त्याच्या मातीला आम्ही सासरची सगळी त्याच डोंग्यातून निघालो. काठ जवळ आला तसे लोक सवयीनं उठू लागले. सासूबाई कडाडल्या, "बसा खाली! सोयऱ्यायची इज्जत हाये." डोंगा रुंद होता, उभे राहिलो असतो तरी कलला नसता. तरी काठाला टेकेपर्यंत कोणी उठलं नाही. मी मात्र, त्याची सख्खी भाची, इतकी वर्षं घराबरोबर हसत आले होते. मान वर करून त्या काठाकडे बघायची मला लाज वाटली.